तालमीत चालतं, प्रयोगात बंद पडतं: रंगमंचावर ईईजी हेडसेट वापरताना वारंवार येणारा बिघाड

ईईजी हेडसेट म्हणजे डोक्यावर लावून मेंदूतली विजेची लहर टिपणारं यंत्र. त्यावर लाइट आणि सूर चालवणाऱ्यांची तक्रार दर वेळी जवळपास सारखीच असते. दुपारी रिकाम्या सभागृहात सगळं झकास चालतं. कलाकार डोळे मिटते, अल्फा या मेंदूलहरीचा आलेख चढतो, मागचा पडदा निळा होत जातो, तानपुऱ्याचा सूर भरून येतो. रात्री प्रयोगाची सुरुवातीची काही मिनिटं बरी जातात. मग तानपुरा नको तिथे उसळतो नाहीतर मुका होतो, लाइट लुकलुकायला लागतात आणि विंगेतून कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, ‘कितें जालें रे?’ दुसऱ्या दिवशी तोच हेडसेट त्याच बाईंना लावून बघावा तर ठणठणीत. मग ‘हे यंत्रच भरवशाचं नाही’ असा शेरा बसतो आणि ते कपाटात जातं.

यंत्र बहुतेक वेळा ठीक असतं. मी फोंडा-पणजी पट्ट्यात नाटकांची ध्वनी-प्रकाशाची कामं करतो. पणजीत २०१६पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवामुळे सेन्सर आणि प्रोजेक्शनची हौस इकडच्या तरुण मंडळींना चांगलीच लागली आहे, त्यामुळे ‘जरा येऊन बघ रे’ असे फोन येत असतात. गेल्यावर दिसतं ते असं की एकाच तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि मंडळी सगळ्यांवर एकच औषध करत असतात: हेडसेट काढा, परत लावा, ॲप बंद करून चालू करा. त्यातल्या एखाद्यावर ते लागू पडतं. बाकीचे पुढच्या प्रयोगाला परत हजर.

आधी आकडा बंद करा, लहर बघा

ॲप तुम्हाला ‘एकाग्रता ७२’ किंवा ‘शांतता ४०’ असा आकडा देतं आणि आपण तोच आकडा लाइटला जोडतो. इथेच निम्मा घोळ होतो. न्यूरोस्काय माइंडवेव्हसारख्या हेडसेटमध्ये हे आकडे ० ते १०० असे सेकंदाला एकदा येतात आणि ते काढायचं सूत्र कंपनीकडेच असतं. आकडा पडला तर मन भरकटलं, कानाची क्लिप सुटली की कपाळावर घाम आला, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

डोक्याच्या कातडीवर मिळणारा मेंदूचा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या पंधरा हजार ते दीड लाख पटींनी हा लहान. इतक्या बारीक सिग्नलवर काहीही स्वार होऊ शकतं. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चॅनलची, म्हणजे डोक्यावरच्या प्रत्येक जागेची, कच्ची लहर दिसते ते प्रयोगभर एका स्क्रीनवर उघडं ठेवा. ओपनबीसीआय कंपनीच्या ईईजी बोर्डांबरोबर त्यांचं जीयूआय नावाचं सॉफ्टवेअर येतं, म्यूज या कपाळपट्टीवाल्या हेडबँडसाठी लहर दाखवणारी ॲप्स मिळतात. आकडा लाइटला जाऊ दे, तुमचे डोळे लहरीवर हवेत.

मग कलाकाराला तीन गोष्टी करायला सांगा. पापण्या जोरात मिटवून उघडा: कपाळावरच्या चॅनलमध्ये मोठा ठसठशीत उंचवटा यायला हवा. दात आवळा: सगळीकडे दाट, काटेरी खरखर उठायला हवी. आणि डोळे मिटून स्वस्थ बसा: दोन-तीन सेकंदांत डोक्याच्या मागच्या चॅनलवर सेकंदाला साधारण दहा आवर्तनांची लयदार लहर दिसायला हवी. हीच अल्फा, ८ ते १३ हर्ट्झची. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि १९२९मध्ये तो छापला. डोळे मिटले की ही लहर वाढते आणि उघडले की दबते, हे त्याच्याच काळापासून ठाऊक आहे. मेंदूलहरींवर नाटक-संगीत करणाऱ्याच्या हातात यापेक्षा खात्रीचं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. ‘भावना ओळखणारे’ चकचकीत आलेख बघायला छान असतात, पण प्रयोग त्यांच्यावर लावू नये.

काही माणसांची अल्फा मुळातच क्षीण असते, डोळे मिटूनही फारशी दिसत नाही. त्यात कुणाचा दोष नाही. पण पहिल्याच तालमीला ही चाचणी करून मग ती भूमिका कुणाला द्यायची ते ठरवा. जाहिरात छापून झाल्यावर हे कळलं की पंचाईत होते.

तिन्ही चाचण्या नीट आल्या तर पुढे वाचायची गरज प्रयोगाच्या वेळी पडेल. नाही आल्या तर बिघाड कुठे आहे ते लहरच सांगते. सगळे चॅनल एकदम, एकसारखे बिघडले तर संशय रेफरन्सवर, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून सगळं मोजतात त्या इलेक्ट्रोडवर. एकच चॅनल बिघडला तर त्याच्या इलेक्ट्रोडवर (कातडीला टेकणाऱ्या चकतीवर). शेजारचे दोन चॅनल जुळ्यांसारखे एकसारखे हलू लागले तर घाम. लहर मधूनच सपाट होऊन किंवा तुटून पुन्हा सुरू झाली तर वायरलेस. बोलताना, गाताना खरखर उठली तर स्नायू.

सगळे चॅनल एकदम गेले

ईईजीत प्रत्येक चॅनल हा दोन जागांमधला फरक असतो: एक तुमचा इलेक्ट्रोड, दुसरा रेफरन्स. रेफरन्स बहुतेक ठिकाणी कानाच्या पाळीवर किंवा कानामागच्या हाडावर असतो. आठ चॅनलांच्या संचात तो सैल झाला की आठही चॅनल वेडे होतात. अशा वेळी मंडळी आठही इलेक्ट्रोड दाबत बसतात आणि कानाकडे कुणी बघत नाही.

आपल्याकडे कानाची एक खास अडचण आहे. ऐतिहासिक किंवा पौराणिक नाटकात बाईंच्या कानात कुडी असते, वेल असतात, पुरुषपात्राच्या कानात भिकबाळी. क्लिप तालमीत मोकळ्या पाळीवर बसवलेली असते. प्रयोगाला दागिना चढतो, क्लिप अर्धी धातूवर आणि अर्धी हवेत लटकते आणि मान वळवली की हलते. वेशभूषेवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवा: एक कान आमचा. त्या कानात चिकटवायचा खोटा दागिना घाला, नाहीतर रेफरन्स कानामागच्या हाडावर पेस्टने बसवा.

दुसरी अडचण केसांची. अल्फा सगळ्यात जोरकस मिळते ती डोक्याच्या मागे, दृष्टीचं काम जिथे चालतं त्या भागावर. इलेक्ट्रोडच्या नकाशात या जागांना ओ१ आणि ओ२ म्हणतात. मानेवरून बोट वर सरकवत गेलं की कवटीचा एक उंचवटा लागतो. त्याच्या दोन-तीन बोटं वर, मधल्या रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला. आता गोव्यातल्या कुठल्याही उत्सवी नाटकातली नायिका डोळ्यांसमोर आणा. अंबाडा नेमका तिथे, त्यावर अबोलीचा वळेसर, आकडे, पिना, आणि खाली खोबरेल तेल चोपडलेले केस. तेल वीज वाहू देत नाही. त्यावर कितीही पेस्ट थापली तरी इलेक्ट्रोड कातडीपर्यंत पोहोचत नाही आणि लहरीच्या जागी जाड पट्टा दिसतो.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो रंगपटात करावा लागतो, रंगमंचावर नाही. प्रयोगाच्या दिवशी केस शाम्पूने धुवून, तेल न लावता यायला सांगा. अंबाडा घालण्याआधी इलेक्ट्रोड बसवा. कंगव्याच्या दांडीने केसांत भांग पाडा, तेवढी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, ती सुकू द्या आणि वाटाण्याएवढी पेस्ट भरलेली चकती दाबून बसवा. वर कापसाचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे पेस्ट लवकर सुकत नाही. अंबाडा मग दोन बोटं वर किंवा खाली घ्या. तारा केसांबरोबर वेणीसारख्या गुंफून मानेमागे एका ठिकाणी चिकटपट्टीने पक्क्या करा. तार लोंबकळली की दर पावलाला लहर डुलते. केशभूषा करणाऱ्या मावशी सुरुवातीला कुरकुर करतात, पण एकदा समजावून सांगितलं की आपल्यापेक्षा सफाईने त्याच तारा लपवतात.

कपाळपट्टीवाल्या हेडबँडला मागे सेन्सर नसतो. म्यूजचे दोन कपाळावर आणि दोन कानामागे असतात. मिटलेल्या डोळ्यांची अल्फा कानामागच्या दोघांवर बऱ्यापैकी दिसते, म्हणून लाइट त्यांच्याशीच जोडा. पण कपाळावर पॅनकेक मेकअप आणि पावडर असेल तर सेन्सर थेट रंगावर बसतो. तेवढी पट्टी मेकअपमधून वगळायला सांगा आणि बँड लावताना कातडी ओल्या बोटाने किंचित दमट करा. कोरडे सेन्सर एकदम कोरड्या कातडीवर रुसतात.

सायटन हा ओपनबीसीआयचा आठ चॅनलांचा बोर्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. चॅनलशेजारी ‘रेल्ड’ असं आलं म्हणजे ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेला टेकला आहे. तिथे कुठलाही फिल्टर कामाचा नाही, संपर्कच सुधारावा लागतो. आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या चकत्या व चांदी-क्लोराइडच्या चकत्या एकाच डोक्यावर मिसळू नका. दोन धातूंमुळे कायमचा व्होल्टेज फरक येतो आणि चॅनल उगाच एका टोकाला जाऊन बसतो. एखादी चकती हरवली म्हणून दुसऱ्या संचातली लावणं हा नेहमीचा प्रकार असतो.

घाम

तालीम बहुतेक वेळा पंख्याखाली, बसून होते. प्रयोगात डोक्यावर लाइट, अंगावर जरीची साडी किंवा अंगरखा, वर टोप. देवळाच्या मंडपात एसीचा प्रश्नच नसतो आणि वातानुकूलित सभागृहातसुद्धा रंगमंचावर लाइटखालची हवा प्रेक्षागृहापेक्षा गरमच असते. पंधरा-वीस मिनिटांत टोपाखाली घाम जमतो.

घाम दोन प्रकारे त्रास देतो. एक म्हणजे लहर हळूहळू वरखाली तरंगू लागते, काही सेकंदांत एक हेलकावा. हे फार मोठं संकट नाही. १ हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर लावा आणि विसरा. दुसरा प्रकार वाईट. घामातलं मीठ दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये पूल बांधतं. मग ते दोन नसून एकच मोठा इलेक्ट्रोड होतो आणि दोन्ही चॅनल हुबेहूब सारखे दिसतात. त्यातला एक रेफरन्स असेल तर फरकच उरत नाही आणि लहर जवळपास सपाट होते. नवखा ऑपरेटर हे पाहून खूश होतो, ‘किती स्वच्छ सिग्नल!’ लहर अचानक फार स्वच्छ आणि बारीक झाली तर घाबरायचं.

पेस्टही याला हातभार लावते. जास्त पेस्ट म्हणजे चांगला संपर्क असा समज आहे. प्रत्यक्षात ती उबेने पसरते आणि घामाला आयता रस्ता देते. पेस्ट थोडी, इलेक्ट्रोडमध्ये अंतर जास्त. आठ चॅनल आहेत म्हणून आठ लावू नका. अल्फासाठी मागचे दोन, एक रेफरन्स, एक ग्राउंड (शरीराला यंत्राशी जोडणारी चकती) एवढं पुरतं. उरलेले सहा फक्त बिघाडाची सहा कारणं वाढवतात.

दिग्दर्शकाशी भांडायची तयारी असेल तर एक मागणी जरूर करा: मेंदूलहरींचा प्रवेश पहिल्या अंकात घ्या. तिसऱ्या अंकात, लढाईच्या प्रवेशानंतर, घामाने निथळणाऱ्या माणसाच्या डोक्यातून अल्फा काढणं हा सिग्नलवर केलेला अन्याय आहे.

प्रेक्षक आले आणि रेंज गेली

ज्यांचा बिघाड नेमका ‘सभागृह भरल्यावर’ येतो त्यांनी इथे थांबावं. बहुतेक हेडसेट २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, ब्लूटूथ असो की सायटनचा स्वतःचा रेडिओ. वाय-फायचा जुना पट्टा तोच. शेकडो प्रेक्षक म्हणजे शेकडो फोन, त्यातले कित्येक वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू ठेवून बसलेले. लाइटना हुकूम देणाऱ्या वायरलेस डीएमएक्सचे बरेच संच त्याच पट्ट्यात. पण याहून मोठी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. माणसाचं शरीर मुख्यतः पाण्याचं आहे आणि २.४ गिगाहर्ट्झ ते पिऊन टाकतं. आपल्याकडे लाइट-साउंडचं टेबल प्रेक्षागृहाच्या मागे असतं, लॅपटॉप तिथेच, हेडसेटचा सिग्नल झेलणारा यूएसबी डाँगल लॅपटॉपच्या बुडाशी. दुपारी मधे रिकाम्या खुर्च्या असतात. रात्री त्याच रस्त्यात माणसांच्या रांगाच्या रांगा बसतात.

लॅपटॉप पुढे आणा, विंगेत. कलाकारापासून पाच-सहा मीटरवर, मधे कुणी उभं राहणार नाही अशी जागा शोधा. डाँगल यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरवर काढून डोक्याच्या उंचीला, स्टँडवर बांधा. हेडसेटचा बोर्ड डोक्यामागे असतो, म्हणून डाँगल कलाकाराच्या पाठीच्या बाजूला, म्हणजे मागच्या विंगेत हवा. समोर ठेवला तर मधे तिचं स्वतःचंच डोकं येतं. विंगेतल्या लॅपटॉपवरून मागच्या टेबलापर्यंत आकडे पाठवायला नेटवर्कची साधी केबल टाका. ओएससी संदेश (लाइट-साउंडच्या सॉफ्टवेअरना आकडे कळवण्याची पद्धत) वाय-फायवरून पाठवता येतात, पण ते बहुधा यूडीपी या पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीने जातात. हरवलेला संदेश परत येत नाही आणि हरवल्याचं कळवतही नाही. केबल अशक्यच असेल तर स्वतःचा राउटर आणा आणि तो फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालवा. लॅपटॉपचं २.४चं वाय-फाय बंदच ठेवा, कारण बऱ्याच लॅपटॉपांत वाय-फाय आणि ब्लूटूथचा अँटेना एकच असतो.

जोडणी प्रेक्षक आत सोडण्याआधी करा आणि प्रयोग संपेपर्यंत तोडू नका. जोडलेला दुवा गर्दीतही टिकून राहतो. तुटलेला पुन्हा जोडायला मात्र गर्दीत फार वेळ खातो. सायटनच्या रेडिओचे १ ते २५ चॅनल असतात. एकावर तुटतुट होत असेल तर जीयूआयमधून दुसरा निवडून बघा. विंडोज लॅपटॉपवर लहर दर क्षणी थबकून मग झेपावत असेल तर तो रेंजचा दोष नसतो. डाँगलच्या यूएसबी पोर्टचा लेटन्सी टायमर, म्हणजे माहिती पुढे देण्याआधी थांबण्याचा वेळ, मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १वर आणायचा.

गाणारा गळा आणि आवळलेला जबडा

यावर माझं मत थोडं कडक आहे. संगीत नाटकातल्या नायकाला हेडबँड घालून त्याच्या पदाबरोबर मेंदूलहरी दाखवायच्या, ही कल्पना ऐकायला जितकी गोड तितकी चालवायला खोटी. जबड्याचे, कपाळाचे, मानेचे स्नायू जी वीज सोडतात ती मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठी असते आणि साधारण २० हर्ट्झच्या वर तर सगळं मैदान तिचंच. २००७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने स्नायू औषधाने तात्पुरते निपचित केलेल्या माणसांचा ईईजी घेऊन प्रसिद्ध केला. स्नायू थांबल्यावर २० हर्ट्झच्या वरचा बराचसा जोर नाहीसा झाला. म्हणजे ‘बीटा (अल्फाहून जलद मेंदूलहर) वाढला, गायक तल्लीन झाला’ असं जे दिसतं ते बहुतांश जबड्याचं कर्तृत्व असतं. तान घेतली की पडदा लाल होतो आणि प्रेक्षक टाळ्या देतात. मी त्याला मेंदूलहरी म्हणणार नाही.

इथे बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा प्रवेशाची रचना बदलणं सोपं. गाणारा गाऊ दे. हेडसेट दुसऱ्या पात्राला द्या, जे बसलेलं आहे, बोलत नाही आणि अधूनमधून डोळे मिटतं. ऐकणारी आई, ध्यानस्थ ऋषी, झोपेचं सोंग घेतलेला राजा. आपल्या नाटकांत अशी पात्रं शोधायला लांब जावं लागत नाही. जुना दाखलाही याच बाजूचा आहे. मेंदूलहरींवरचा पहिला गाजलेला संगीत प्रयोग अमेरिकन संगीतकार ॲल्विन ल्युसिए यांनी मे १९६५मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ कलासंग्रहालयात केला, एडमंड ड्यूअन या भौतिकशास्त्रज्ञाकडून घेतलेल्या उपकरणांवर. ल्युसिए खुर्चीत डोळे मिटून स्वस्थ बसले होते. अल्फा लहर मोठी करून लाउडस्पीकरांत सोडली आणि स्पीकरला लागून ठेवलेले ढोल, झांजा, गाँग त्या थरथरीने वाजू लागले. दहा हर्ट्झ कानाला सूर म्हणून ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा तेवढ्याने नक्कीच हलतो.

ही युक्ती आमच्या घुमटाला, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेल्या गोव्याच्या वाद्याला, फार शोभते. वूफर जमिनीवर आडवा, त्याच्या तोंडाशी चामडं येईल असं घुमट टेकवून ठेवलेलं, वर कासाळ्याची, म्हणजे झांजांची, एक जोडी टांगलेली. घुमटाचं चामडं दमट हवेत उतरतं, म्हणून आरतीआधी शेकतात तसंच इथेही आधी शेकून घ्या. नाहीतर अल्फा असूनही घुमट गप्प राहतं आणि दोष हेडसेटला जातो. घुमटाने ताल धरावा अशी अपेक्षा मात्र करू नका. अल्फाचा जोर मोजायला एक-दोन सेकंदांची लहर लागते, म्हणजे तेवढा उशीर ठरलेलाच. मेंदूवर सावकाश चालणारी कामं सोपवा: सुराची पातळी, प्रकाशाचा चढ-उतार. तालाची जबाबदारी घुमटवाल्या काकांकडेच राहू दे.

विजेची गुणगुण

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लहरीवर ५० हर्ट्झचा जाड पट्टा दिसणं नेहमीचं. थायरिस्टरवाले डिमर विजेची लाट कापतात, तिथून १०० हर्ट्झ आणि वरच्या पट्टीतला कचरा येतो आणि लाइट अर्ध्यावर असताना तो सर्वांत जास्त. पण तुम्ही ८ ते १३ हर्ट्झच वापरत असाल तर ५० बरंच लांब आहे, हवा तेवढाच पट्टा आत घेणारा साधा बँडपास फिल्टर त्याला बाहेर ठेवतो. हा पट्टा तापासारखा आहे: स्वतः फारसं बिघडवत नाही, पण आत संपर्क खराब झाल्याचं सांगतो. चांगल्या बसलेल्या इलेक्ट्रोडवर तो बारीक असतो, सुटलेल्यावर फुगतो. तो फुगला की फिल्टरकडे न वळता रंगपटातल्या मावशींकडे वळा.

उत्सवाच्या मंडपात जनरेटर असेल तर ५० हर्ट्झ नेमके ५० राहत नाहीत, लोड वाढला की खाली-वर होतात आणि ५० हर्ट्झ तेवढे कापणारा अरुंद नॉच फिल्टर चुकतो. नॉच थोडा रुंद करा. हेडसेटच्या तारा डिमरच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

आणि एक गोष्ट बिघाडाची नाही, जिवाची आहे. माणसाच्या डोक्याला तारेने जोडलेलं काहीही भिंतीतल्या विजेला (मेनला) लावलेलं नको. तारेचा ॲम्प्लिफायर असेल तर लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढून, प्रोजेक्टरची केबलही नाही. सायटन चार पेन्सिल सेलवर चालतो तो याचसाठी. मंडपातल्या अर्थिंगवर कलाकाराचा जीव टांगू नये. पावसाळी रात्री वीज कडाडायला लागली तर हेडसेट उतरवा, प्रवेश तसाच होऊ दे.

अल्फा माणसाची की लाइटची?

हा बिघाड क्वचित ओळखला जातो कारण यात सगळं फार छान चाललेलं दिसतं. कलाकाराने डोळे उघडले तरी अल्फा उतरत नाही. घामाने उतरत नाही, टाळ्यांनी उतरत नाही. अशा वेळी लाइटवाल्याला विचारा, चेस (एकामागून एक पेटणारे दिवे) किंवा स्ट्रोब (झपाट्याने लुकलुकणारा दिवा) किती वेगाने चालू आहे. सेकंदाला दहा वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाकडे माणूस बघत असला की त्याच्या मेंदूचा मागचा भाग नेमक्या दहा हर्ट्झनेच उत्तर देतो, आणि पापण्यांमधूनही उजेड आत जातोच. तुमचं सॉफ्टवेअर त्याला अल्फा समजतं. चाचणी सोपी: स्ट्रोबचा वेग ७ करा, आलेखातला उंचवटाही ७वर सरकला तर तो कलाकाराचा नाही.

मुद्दाम वापरायचा तर मेंदूचा हा गुणधर्म उपयोगीही आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले ब्राझिलियन संगीतकार एदुआर्दो मिरांडा यांनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या, हालचाल जवळपास गमावलेल्या रुग्णांसाठी असंच काम केलं. पडद्यावर वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणारी चिन्हं, रुग्ण ज्याच्याकडे बघेल त्या वेगाचं उत्तर त्याच्या ईईजीत उमटतं आणि त्यावरून निवडलेला संगीताचा तुकडा शेजारचे वादक लगेच वाजवतात. २०१५मध्ये अशा चार रुग्णांनी तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर वादन केलं. नियंत्रण हवं असेल तर हा मार्ग अल्फापेक्षा नेमका आहे, पण कलाकाराला पडद्याकडे टक लावून बसावं लागतं. नाटकात ते दर वेळी जमत नाही. शिवाय लुकलुकता उजेड प्रेक्षकांवर येऊ देऊ नका. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना सेकंदाला १५ ते २५च्या आसपासचं लुकलुकणं विशेष घातक असतं आणि दाराशी तशी सूचना लावायलाच हवी.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे स्वतःच्या शेपटीमागे धावणारा लाइट. अल्फा वाढली की समोरचा दिवा तेज होतो, तो मिटलेल्या पापण्यांवर पडतो, अल्फा दबते, दिवा मंद होतो, अल्फा परत वाढते. दर काही सेकंदांनी दिवा श्वास घेतल्यासारखा चालतो. प्रेक्षकांना आवडतं, दिग्दर्शकाला वाटतं बिघडलं. नको असेल तर अल्फावरचा दिवा कलाकाराच्या मागे न्या.

उंबरठा

दुपारी ठरवलेला आकडा रात्री चालत नाही. कातडी बदललेली असते, पेस्ट बसलेली असते, मनावर ताण असतो, आणि ताणाखाली काही जणांची अल्फा निम्म्यावर येते. ‘अमुक मायक्रोव्होल्टच्या वर गेलं की लाइट’ असं बांधू नका. तिसऱ्या घंटेआधी, पूर्ण वेशात, रंगमंचावरच, पडद्यामागे एक मिनिट डोळे उघडे आणि एक मिनिट मिटलेले अशी नोंद घ्या आणि उंबरठा त्या दोहोंच्या मधे ठेवा. एक नको, दोन ठेवा: चालू व्हायला वरचा, बंद व्हायला खालचा. लाइटचं लुकलुकणं निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यानेच थांबतं. पापणीच्या किंवा जबड्याच्या झटक्यात आलेला सिग्नल मोजायचाच नाही, त्या क्षणी आधीची पातळी धरून ठेवायची, एवढी अट प्युअर डेटा किंवा टचडिझायनरसारख्या, आवाज-दृश्यं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहज घालता येते.

सगळं करूनही सिग्नल गेलाच तर टेबलावर एक हाताने चालवायचा फेडर (लाइट-सूर कमीजास्त करायची सरकती कळ) ठेवा. हेडसेट तुटला की तीन सेकंद पातळी गोठवायची आणि मग तिथूनच हाताने उतरवायची. काही जण तालमीत रेकॉर्ड केलेल्या लहरी चालवून ‘हे आत्ता या कलाकाराच्या डोक्यातलं आहे’ असं भासवतात. मला ते पटत नाही. हाताने उतरवलेला लाइट हा नाटकाचा नेहमीचा लाइट आहे. रेकॉर्डिंगला जिवंत म्हणणं वेगळं.

प्रयोग संपल्यावर

पुढच्या वेळच्या बिघाडांपैकी पुष्कळसे आवराआवरीत तयार होतात. मेकअप उतरवायच्या घाईत पेस्ट चकत्यांवर तशीच वाळते, घामाचं मीठ आत राहतं, वर आपली खारट दमट हवा. चकत्या त्याच रात्री कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा. चांदी-क्लोराइडच्या चकत्या खरवडू नका, वरचा थर गेला की त्या कायमच्या गोंगाट करतात. सावलीत पूर्ण वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. तारा गुंडाळताना टोकाशी मुरड घालू नका. आतून तुटलेली तार बाहेरून धडधाकट दिसते, ती मल्टिमीटरवरच पकडायची. हिरवट डाग आलेलं टोक दिसलं की ती तार त्याच दिवशी बाजूला काढा आणि डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर पुढच्या प्रयोगाच्या घाईत तीच हातात येते.